शेपूट चुकतंय: इंग्रजी फ्रेझल व्हर्ब पुन्हा पुन्हा बिघडत असतील तर काय तपासायचं

लक्षणं

खालच्यापैकी दोन-तीन वाक्यं गेल्या महिनाभरात तुमच्या तोंडून किंवा ईमेलमधून बाहेर पडली असतील, तर पुढे वाचा.

– 'आय विल कोप अप विथ द वर्क.'
– 'द लाइट इज ऑन, प्लीज स्विच ऑफ इट.'
– 'ही डिडन्ट पिक माय कॉल.'
– 'आय लॉगिन्ड यस्टर्डे.'
– 'वी डिस्कस्ड अबाउट द बजेट.'
– 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.'
– 'माय ग्रँडमदर ग्रू मी अप.'
– वाचताना सगळं कळतं, यादीतले अर्थ पाठ आहेत, पण बोलताना 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'कॅन्सल' हेच येतात. 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'कॉल ऑफ' जिभेपर्यंत पोचतच नाहीत.

शेवटचं लक्षण एकटंच असेल तर तो बिघाड नाही, नुसती सवय आहे. सरळ आठव्या तपासणीकडे जा.

अशा वेळी लोक सहसा पाचशे फ्रेझल व्हर्बची, म्हणजे क्रियापद आणि त्याला जोडलेला छोटा शब्द अशा जोड्यांची, यादी आणून पाठ करायला बसतात. ती बाजूला ठेवा. वरच्या पहिल्या सात वाक्यांपैकी एकही अर्थ माहीत नसल्यामुळे चुकलेलं नाही. क्रियापदाला जोडून येणारे अप, ऑफ, आऊट, ऑन, डाऊन हे छोटे शब्द, ज्यांना आपण इथे शेपूट म्हणू, ते नको तिथे लागलंय, गळलंय किंवा भलत्या जागी बसलंय. अर्थ पाठ करून हे सुटत नाही.

कमीपणा मात्र वाटून घेऊ नका. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परभाषकांना सगळ्यात जास्त अडचण होते ती क्रियापदांमागे लावलेल्या या शब्दांची.

तपासणीसाठी सामान एवढंच: तुम्ही स्वतः पाठवलेल्या ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेशांतली वीस इंग्रजी वाक्यं आणि एक पेन्सिल. पुस्तकातल्या गाळलेल्या जागा चालणार नाहीत. तिथे शेपटाची जागा छापणाऱ्याने आधीच ठरवून दिलेली असते, त्यामुळे तुमची खरी चूक दिसतच नाही.

तपासणी १: शेपूट जास्तीचं तर नाही?

ही सगळ्यात आधी, कारण दुरुस्ती म्हणजे नुसतं खोडणं.

मराठीत नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागतं आणि तेच इंग्रजीत उतरतं. बजेट'बद्दल' चर्चा केली, म्हणून 'डिस्कस्ड अबाउट'. पुण्या'ला' पोचलो, म्हणून 'रीच्ड टू पुणे'. त्याच्या'शी' लग्न केलं, म्हणून 'मॅरीड विथ हिम'. मुद्द्या'वर' भर दिला, म्हणून 'एम्फसाइझ्ड ऑन द पॉइंट'. या चारही क्रियापदांना कर्म थेट लागतं: 'डिस्कस्ड द बजेट', 'रीच्ड पुणे', 'मॅरीड हिम', 'एम्फसाइझ्ड द पॉइंट'.

कान फसतो त्यालाही कारण आहे. याच शब्दांच्या नामरूपांना शेपूट चालतं: 'अ डिस्कशन अबाउट द बजेट', 'एम्फसिस ऑन', 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. ते ऐकून ऐकून क्रियापदालाही लागतं. खोडण्याआधी पाहा, शब्दाच्या आधी 'अ', 'द' किंवा 'माय' आहे का? असेल तर ते नाम आहे, शेपूट राहू द्या. 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' मधलं 'फॉर' मात्र जाईल.

'कोप अप विथ' हा 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ' यांचा संकर आहे. बरोबर 'कोप विथ'. 'रिटर्न बॅक'मध्ये 'परत' दोनदा येतं. 'रिव्हर्ट बॅक'चंही तेच, शिवाय 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणं हा आपल्याकडच्या ऑफिसांतला अर्थ आहे. भारताबाहेर अनेकांना तो 'पूर्वस्थितीला जाणं' असा वाटतो. 'रिप्लाय' लिहा आणि मोकळे व्हा.

तपासणी २: शेपूट किंवा 'इट' गळलंय का?

'फोन उचलला' यात मराठीला एकच क्रियापद पुरतं, म्हणून 'पिक' लिहून आपण थांबतो. पण नुसतं 'पिक' म्हणजे निवडणं किंवा फुलं तोडणं. उचलायला 'पिक अप' लागतं. 'लिसन म्युझिक', 'वेट मी' यांतही हेच झालंय. तिथे 'लिसन टू', 'वेट फॉर' हवं. 'एक्सप्लेन मी' हे 'मला समजाव'चं थेट रूप. इंग्रजीत गोष्ट आधी आणि माणूस नंतर: 'एक्सप्लेन इट टू मी'.

'इट' गळणं ही याहून मोठी आणि कमी लक्षात येणारी चूक. मराठीत कर्म समोर दिसत असेल तर आपण ते बोलत नाही. 'पंखा चालू आहे, बंद कर.' 'फॉर्म आलाय, भरून दे.' काय बंद कर, काय भरून दे, हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीला ते सांगावंच लागतं: 'टर्न इट ऑफ', 'फिल इट इन'. वीस वाक्यांतल्या प्रत्येक क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' असं विचारा. उत्तर तुमच्या मनात आहे पण वाक्यात नाही, असं झालं तर तिथे 'इट', 'देम', 'हिम' किंवा 'हर' बसवा.

याच टप्प्यावर 'बंद करणे' तपासून घ्या. दार, दिवा, नळ, दुकान, सगळं आपण 'बंद' करतो, त्यामुळे 'क्लोज द लाइट' होतं. दार 'क्लोज' किंवा 'शट'. दिवा, पंखा, नळ, गॅस 'टर्न ऑफ'. कारखाना कायमचा 'क्लोज डाऊन' किंवा 'शट डाऊन'. बोलणं संपवून फोन ठेवणं 'हँग अप'.

तपासणी ३: शेपूट योग्य जागी आहे का?

निम्मी दुखणी इथे सापडतात, तेव्हा इथे घाई नको.

आधी स्पेलिंग. देवनागरीत दोन्ही शब्द आपण 'ऑफ' लिहितो आणि त्यातूनच 'स्विच' पुढे एका एफचा 'ऑफ' लिहिला जातो. दिवा बंद करणाऱ्या ऑफला दोन एफ असतात. 'चा, ची, चे' या अर्थाच्या शब्दाला एकच एफ असतो आणि त्याचा उच्चार 'ऑव्ह' होतो. इथून पुढे एका एफच्या शब्दाला 'ऑव्ह'च लिहिलंय.

आता कसोटी. तुमच्या वाक्यातलं कर्म काढून तिथे 'इट' किंवा 'हर' घाला आणि ते कुठे बसतं ते पाहा.

पहिली जात: 'टर्न ऑफ', 'पिक अप', 'फिल इन', 'कॉल ऑफ', 'थ्रो अवे'. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं: 'टर्न ऑफ द फॅन' किंवा 'टर्न द फॅन ऑफ'. सर्वनाम असेल तर मधेच, दुसरीकडे कुठेही नाही: 'टर्न इट ऑफ'. 'स्विच ऑफ इट' चुकतं ते याच नियमाने. शेपटाला वाक्यात जोर मिळतो आणि 'इट'ला जोर नसतो. बिनजोराचा शब्द शेवटी लोंबकळत ठेवायला इंग्रजी तयार नसते.

दुसरी जात: 'लुक आफ्टर', 'लुक फॉर', 'रन इनटू', 'डील विथ', 'गेट ओव्हर'. यांत मधे काहीही शिरत नाही. 'लुक आफ्टर हर' बरोबर, 'लुक हर आफ्टर' चूक.

तिसरी जात तीन शब्दांची: 'पुट अप विथ', 'रन आऊट ऑव्ह', 'लुक फॉरवर्ड टू', 'कम अप विथ', 'कॅच अप विथ'. यांचे डबे सुटत नाहीत, कर्म नेहमी शेवटी.

कोणतं कुठल्या जातीचं हे कसं ओळखायचं? शेपूट पाहा. 'आफ्टर', 'फॉर', 'इनटू', 'विथ', 'ॲट', 'ऑव्ह' असेल तर दुसरी जात. 'अप', 'आऊट', 'डाऊन', 'अवे', 'बॅक' असेल आणि पुढे कर्म असेल तर बहुतेक वेळा पहिली. 'ऑन', 'ऑफ', 'इन', 'ओव्हर', 'थ्रू' हे दोन्हीकडून खेळतात, त्यांच्यासाठी कोश उघडा. दिवा 'टर्न इट ऑफ', पण बसमधून उतरताना 'गेट ऑफ इट'. 'टर्न इट ऑन' म्हणजे चालू कर, आणि 'द डॉग टर्न्ड ऑन मी' म्हणजे कुत्रा माझ्यावर उलटला.

कोशात अर्थाआधी नोंदीचा मथळा वाचा. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोशांत 'टर्न समथिंग ऑफ' असं छापलेलं असतं आणि 'लुक आफ्टर समबडी' असं. 'समथिंग' मधे आहे की शेवटी, हीच तुम्हाला हवी असलेली माहिती. काही कोश त्या जागी दुतोंडी बाण देतात. त्याचा अर्थ कर्म दोन्हीकडे चालतं. मोफत ऑनलाइन कोशांतही हे मिळतं, लोक फक्त ते ओलांडून अर्थावर जातात.

एक राहिलं. कर्म लांबलचक असेल तर पहिल्या जातीतही ते मधे घालू नका. 'फिल द फॉर्म दॅट द बँक सेंट अस लास्ट वीक इन' हे वाक्य ऐकणारा 'इन' येईपर्यंत ताटकळतो. मराठीत क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे आपल्याला ताटकळायची सवय आहे, त्याला नाही. 'फिल इन द फॉर्म दॅट...' असं सुरू करा.

तपासणी ४: जोडून लिहिलंय की सुटं?

लॉगिन, बॅकअप, सेटअप, चेकआऊट, फॉलोअप, ब्रेकअप हे शब्द मराठीत नामं म्हणून आले आणि आपण त्यांना 'करणे', 'घेणे', 'होणे' लावलं. लॉगिन कर, बॅकअप घे, ब्रेकअप झालं. मराठीत काहीच बिघडत नाही. इंग्रजी बोलताना मात्र ते अख्खं नाम क्रियापद समजून त्याला भूतकाळ लावला जातो आणि 'लॉगिन्ड', 'बॅकअप्ड' जन्माला येतात.

काळ क्रियापदाला लागतो, शेपटाला कधीच नाही: 'लॉग्ड इन', 'बॅक्ड अप', 'चेक्ड आऊट'. 'सेट' भूतकाळात बदलत नाही, म्हणून 'वी सेट अप द प्रिंटर यस्टर्डे'. शंका आली की वाक्य भूतकाळात नेऊन पाहा. 'एड' मधे घुसत असेल तर ते दोन सुटे शब्द. आधी 'द' किंवा 'युअर' असेल तर जोडशब्द: 'युअर लॉगिन', 'द बॅकअप'.

क्रिकेटमुळे 'रन आऊट' आपल्या अंगवळणी पडलंय, आणि तेच इथे पायात येतं. फलंदाज 'वॉज रन आऊट' होतो. साखर तशी होत नाही. 'वी हॅव रन आऊट ऑव्ह शुगर' किंवा 'द शुगर हॅज रन आऊट'.

तपासणी ५: मागून येणारं क्रियापद

शेपटानंतर दुसरं क्रियापद आलं तर सहसा त्याला 'इंग' लागतं: 'गिव्ह अप स्मोकिंग', 'पुट ऑफ गोइंग', 'कीप ऑन टॉकिंग', 'एंड अप पेइंग'.

'टू' असेल तिथे घोळ होतो. 'वॉन्ट टू मीट' बरोबर, मग 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट' चूक का? 'टू'च्या पुढे 'इट' ठेवून वाक्य पुरं होतं का ते पाहा. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट' जमतं. म्हणजे हा 'टू' नाम मागतो, आणि क्रियापदाला नाम व्हायचं तर 'इंग' हवं: 'टू मीटिंग यू'. 'आय वॉन्ट टू इट' जमत नाही, तिथे साधं रूप.

अपवाद थोडे आहेत, पण रोजच्या वापरातले. 'सेट आऊट टू डू', 'टर्न आऊट टू बी'. 'गो ऑन' दोन्ही घेतं आणि अर्थ बदलतो: 'ही वेंट ऑन टॉकिंग' म्हणजे बोलतच राहिला, 'ही वेंट ऑन टू टॉक अबाउट मनी' म्हणजे पुढे पैशांच्या विषयावर आला.

तपासणी ६: हे क्रियापद कर्म घेतं का?

मराठीत वाढणे–वाढवणे, उठणे–उठवणे अशी जोडी धातूतच तयार होते. इंग्रजीत एकाच शब्दावर भागेल असं धरून चालू नका. मूल स्वतः 'ग्रोज अप', आजी त्याला 'ब्रिंग्ज अप'. म्हणून 'माय ग्रँडमदर ब्रॉट मी अप'. 'वेक अप' मात्र दोन्हीकडे चालतं. गाडी बंद पडली तर 'द कार ब्रोक डाऊन'. 'ही ब्रोक डाऊन द कार' म्हणता येत नाही, पण 'ही ब्रोक डाऊन द डोअर' म्हणता येतं, कारण तिथे अर्थ दार फोडण्याचा आहे.

पॅसिव्ह करताना शेपूट जागेवर ठेवा. 'द मीटिंग वॉज कॉल्ड ऑफ' सहज येतं. 'शी वॉज लुक्ड आफ्टर बाय हर आंट' लिहिताना मात्र 'आफ्टर' आणि 'बाय' शेजारी-शेजारी पाहून हात अडखळतो आणि 'आफ्टर' उडतं. उडवू नका, वाक्य बरोबर आहे.

तपासणी ७: अर्थ

आता कुठे अर्थ. पहिल्या सहा तपासण्या पार केल्यावर उरलेल्या चुका थोड्या असतात, पण हट्टी असतात.

मराठी माणसाला हा प्रकार नवा वाटू नये. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांतला फरक शाळेत कोणी शिकवला नाही. 'बोलला' आणि 'बोलून बसला' यांतला पश्चात्ताप कोणत्याही यादीत नव्हता. मागे लागणे, मागे पडणे, मागे घेणे, मागे टाकणे: 'मागे' तेच, अर्थ चार. इंग्रजीचं शेपूट असंच काम करतं, फक्त क्रियापदाच्या दुसऱ्या बाजूला. 'अप' कित्येकदा आपल्या 'टाकणे'सारखं काम पुरं करतं: 'ईट अप', 'यूज अप', 'टेअर अप'. 'ऑन' बऱ्याचदा आपल्या 'राहणे'सारखं: 'रीड ऑन' म्हणजे वाचत राहा. 'डाऊन' वेग किंवा जोर कमी करतं: 'स्लो डाऊन', 'काम डाऊन'. अंदाज बांधायला एवढं पुरतं, खात्रीला नाही. 'पुट ऑफ', म्हणजे पुढे ढकलणं, 'ऑफ'वरून कोणालाही ओळखता येणार नाही.

म्हणून फ्रेझल व्हर्ब एकटं लिहून ठेवू नका, नेहमी कर्मासकट किंवा कर्त्यासकट लिहा. 'टेक ऑफ' असं लिहिलं तर वहीत काहीच राहत नाही. 'द प्लेन टुक ऑफ', 'टेक युअर शूज ऑफ', 'टेक अ डे ऑफ' असं लिहिलं तर तीन अर्थ, तीन रचना आणि शेपटाची जागा एका झटक्यात मिळते. आठवड्याला पाच पुरेत.

आपल्याकडे हमखास अडणारे काही:

'पास आऊट'. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 'पासिंग आऊट परेड' होते आणि लष्करी प्रशिक्षणापुरता हा वापर शुद्ध आहे. इतरांनी परदेशी माणसाला 'आय पास्ड आऊट इन २०१९' सांगितलं तर त्या वर्षी तुमची शुद्ध हरपली होती असा अर्थ निघतो. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

'वेअर' आणि 'पुट ऑन'. मराठीत दोन्ही 'घालणे'. अंगावर आहे तर 'वेअर', चढवण्याची क्रिया असेल तर 'पुट ऑन'.

चढणं-उतरणं. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, म्हणजे बस, ट्रेन, विमान, त्यात 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. कार आणि रिक्षात 'गेट इन' आणि 'गेट आऊट ऑव्ह'. 'गेट डाऊन' भारतात समजतं. बाहेर ते झाडावरून किंवा भिंतीवरून उतरायला सांगितल्यासारखं वाटतं.

औपचारिक लिखाणात फ्रेझल व्हर्ब वर्ज्य, हा गैरसमज आहे. 'कॅरी आऊट', 'पॉइंट आऊट', 'सेट अप' गंभीर अहवालांत सर्रास येतात. 'पुट अप विथ'च्या जागी तिथे 'टॉलरेट' शोभतं, एवढंच.

तपासणी ८: कान आणि जीभ

सगळ्यात वेळखाऊ, म्हणून शेवटी. कागदावर सगळं बरोबर येतं आणि बोलताना बिघडतं, त्यांच्यासाठी.

'पिक इट अप' कोणी तीन सुटे शब्द म्हणून बोलत नाही. ते 'पिकिटप' असं एका दमात येतं. आपण शब्द वेगवेगळे ऐकायला कान लावतो, त्यामुळे 'इट' ऐकूच येत नाही आणि जे ऐकू येत नाही ते बोललंही जात नाही. जोर कुठे पडतो तेही ऐका. 'टर्न इट ऑफ'मध्ये 'ऑफ'वर, 'लुक ॲट इट'मध्ये 'लुक'वर. 'बॅक अप युअर फाइल्स'मध्ये 'अप' ठसठशीत, पण 'टेक अ बॅकअप'मध्ये 'बॅक'.

रोज दहा मिनिटं, तीन-चार आठवडे. एखाद्या मुलाखतीचं अर्धं मिनिट ऐका, थांबवा, तसंच म्हणून फोनवर रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. जिभेवर फक्त जड शब्द येतात त्यांनी आठवड्याला एकच जोडी बदलावी. या आठवड्यात बोलताना 'पोस्टपोन' बंद, फक्त 'पुट इट ऑफ'. एका वेळी पाच जोड्या घेतल्या की एकही टिकत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

करार, प्रतिज्ञापत्र, व्हिसाची कागदपत्रं. इथे स्वतः शेपूट दुरुस्त करत बसू नका. बँकेने कर्ज 'राइट ऑफ' केलं म्हणजे माफ केलं असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ती हिशेबाच्या वहीतली नोंद आहे, कर्जदाराचं देणं उरतंच आणि वसुली चालू राहू शकते. माफीला 'वेव्ह' हा वेगळा शब्द आहे. अशा कागदावर वकील किंवा कायदेशीर भाषांतर करणारा माणूसच हवा.

परदेशातलं हॉस्पिटल. 'थ्रो अप' म्हणजे उलटी, 'पास आऊट' म्हणजे शुद्ध हरपणं, 'कम डाऊन विथ' म्हणजे आजार जडणं. एवढं माहीत असू द्या, पण लक्षणं सांगताना अडलात तर अंदाजाने बोलू नका, दुभाषा मागा.

ऐकण्याची तपासणी महिनाभर करूनही, वेग कमी करूनही 'इट' ऐकू येत नसेल आणि मराठीतही समोरच्याचे शेवटचे प्रत्यय निसटत असतील, तर तो प्रश्न व्याकरणाचा नाही. ऑडिओलॉजिस्टकडे जा.

आणि आयेल्ट्स किंवा बँकेच्या परीक्षेत, पहिल्या सहा तपासण्या प्रामाणिकपणे करूनही इंग्रजीचे गुण दोनदा तिथेच अडकले, तर तिसऱ्यांदा फी भरण्याआधी शिक्षक गाठा. जाताना त्या वीस वाक्यांचा कागद पेन्सिलीच्या खुणांसकट न्या. त्यावर नजर न टाकता कोणी तुमच्या हातात पाचशे फ्रेझल व्हर्बची यादी ठेवली, तर दुसरा शिक्षक शोधा.